माझ्या जागी आलेला पंप

मित्रांनो, कुणाच्या घरी माशांची मोठी टाकी दिसली की तुम्ही आधी काचेला नाक लावता. मासा तुमच्याकडे वळला की तुम्हाला आनंद होतो. टाकीखालच्या लाकडी कपाटाचे दार उघडून पाहावे, असे मात्र कुणाला वाटत नाही. त्या दाराआड, पाण्यात बुडून मी राहत होतो. मी एक जुना पंप आहे. माझ्या जागेवर आता दुसरा आला आहे. त्याच्याविषयी सांगताना माझा सूर कडवट झाला, तर समजून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. माझे अंग काळ्या प्लास्टिकचे. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे आणि त्यात पाणी शिरू नये म्हणून ते सगळीकडून घट्ट बंद केलेले आहे. माझ्या पोटात एक चुंबक आहे, चुंबकाला छोटी पाती आहेत आणि चुंबक व पाती मिळून एका बारीक पांढऱ्या कांडीवर फिरतात. वीज आली की मी फिरतो आणि पाणी वर चढते. मला दुसरे काही येत नाही, पण हे मला फार चांगले येत असे.

नारायणगावच्या बाजारात सावळेराम यांचे माशांचे दुकान आहे. तिथून मला गोरखभाऊ आणि इंद्रायणीबाई यांनी बोरी बुद्रुकला आणले. गोरखभाऊंचे नारायणगावातच ठिबकच्या नळ्यांचे आणि शेतीच्या मोटारींचे दुकान. त्यांची मुलगी संस्कृती तेव्हा शाळेत होती. तिला मासे हवे होते, म्हणून बापाने हॉलमध्ये भिंतभर टाकी बांधून घेतली. नळ्यांची जोडणी त्यांनी स्वतःच्या हाताने केली. वरच्या टाकीतले पाणी एका उभ्या पाइपातून कपाटातल्या खालच्या टाकीत उतरायचे. तिथे ते आधी कापडातून आणि मग खड्यांच्या थरातून गाळले जायचे, आणि शेवटच्या कप्प्यात माझ्यापाशी यायचे. मी ते पुन्हा वर ढकलायचो, चांगले माणसाच्या छातीएवढे उंच. वरून खाली, खालून वर, असे ते पाणी दिवसरात्र फिरत राहायचे. मी थांबलो तर सगळेच थांबेल, हे मला पहिल्याच दिवशी कळले आणि मला त्याचा मोठा अभिमान वाटला.

टाकीत काही रुपेरी, चपटे मासे होते आणि ऑस्कर जातीचा एक मोठा मासा होता. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके, म्हणून संस्कृतीने त्याचे नाव बिबट्या ठेवले. आमच्या भागात उसात खरे बिबटे फिरतात. त्यामुळे पाहुण्यांना “आमच्या हॉलमधी बिबट्या हाय” असे सांगताना गोरखभाऊंना भारी मौज वाटायची. पाहुणे बिबट्याचे कौतुक करायचे, टाकीचे करायचे, दिव्यांचेही करायचे. कपाटाच्या दाराला हवेसाठी जाळी होती. तिच्यातून मी हे सगळे पाहायचो; माझ्या डोक्यावरची टाकी समोरच्या भिंतीवरच्या आरशात दिसायची.

संस्कृती पुढे शिकायला पुण्याला गेली आणि टाकी इंद्रायणीबाईंकडे आली. खरे सांगायचे तर ती आधीपासून त्यांचीच होती. सकाळी चहा ठेवायच्या आधी त्या बिबट्याला खायला घालायच्या. तो पाण्यातून तोंड बाहेर काढून त्यांच्या बोटांतून दाणे घ्यायचा. बाकी कुणाच्या हातचे तो खात नसे.

आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. पातेल्याला बसतो तसा पांढरा थर माझ्या पात्यांवर बसायचा. इंद्रायणीबाई मला दर काही आठवड्यांनी बाहेर काढायच्या, माझी पाती आणि चुंबक अलगद ओढून घ्यायच्या आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत ठेवायच्या. मग जुन्या टूथब्रशने खाचाखाचांतून घासायच्या. घासताना बोलायच्या. “लई राबतोस बाबा,” असे त्या एकदा म्हणाल्या होत्या. मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले.

मग त्या घरात प्राची आली.

गोरखभाऊंच्या धाकट्या भावाचे, सार्थकचे लग्न झाले. तो चाकणला कंपनीत कामाला. प्राची कळंबची. दोन्ही जावा घरात दिवसभर बरोबर असायच्या. प्राची स्वभावाने शांत होती, कामाला चटपटीत होती. पण रिकामा वेळ मिळाला की ती टाकीसमोर जमिनीवर मांडी घालून बसायची आणि माशांकडे टक लावून पाहायची. एके सकाळी इंद्रायणीबाई आंघोळीला गेल्या होत्या. प्राचीने डब्यातले दाणे घेतले आणि पाण्यावर हात धरला. बिबट्या वर आला. थोडा थांबला. मग त्याने तिच्या बोटांतले दाणे घेतले.

इंद्रायणीबाई केस पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ते पाहिले.

“खाल्लं व्हय त्यानं?” त्यांनी विचारले.

“हां ताई. लगेच आला,” प्राची हसून म्हणाली.

“बरं झालं,” असे म्हणून इंद्रायणीबाई आत गेल्या. त्यांचा चेहरा मला जाळीतून दिसला. बरे झाले, असा तो चेहरा नव्हता.

त्या दिवसापासून त्या टाकीकडे फिरकेनाशा झाल्या. कुणी विचारले तर म्हणायच्या, “प्राचीला हौस हाय, ती बघती की.” प्राचीला वाटले, मोठ्या जावेने टाकी विश्वासाने आपल्यावर सोपवली. ती बिबट्याला खायला घालायची, काच पुसायची, गाळणीचे कापड धुवायची. पण पाण्याच्या तळाशी मी आहे, मला बाहेर काढून घासावे लागते, हे तिला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांनी सांगितले नाही. मला प्राचीचा राग यायचा. माझ्या इंद्रायणीबाईंना हिनेच माझ्यापासून तोडले, असे मला वाटायचे.

क्षाराचा थर चढत गेला. माझी पाती जड झाली. मी आधी गुणगुणायचो, तो आता खडखडू लागलो. अंग तापायला लागले. वरच्या टाकीत पडणारी धार बारीक झाली. शेवटी एका दुपारी माझ्या पोटातली ती पांढरी कांडी मोडली. पाती वाकडी झाली, भिंतीला घासली, आणि एकाचा तुकडा उडाला. मी फिरत होतो, पण पाणी चढवण्याचा जोर माझ्यात राहिला नव्हता.

“ताई, मासे वर येऊन तोंड उघडत्यात,” प्राचीने स्वयंपाकघरात जाऊन सांगितले.

इंद्रायणीबाई धावतच आल्या. त्यांनी पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मला बाहेर काढले. झाकण उघडले. पांढऱ्या थराने माखलेली, मोडकी पाती त्यांच्या तळहातावर पडली.

“ह्याला धुतला न्हाई व्हय कदी?”

“ह्याला धुवावं लागतं, हे मला कुठं ठावं व्हतं, ताई. तुमी सांगितलंच न्हाई.”

इंद्रायणीबाईंनी मला पदराने पुसले आणि बराच वेळ हातात धरून ठेवले. मग माळ्यावर पडलेली, विजेवर चालणारी हवेची छोटी मशीन आणून त्यांनी टाकीत बुडबुडे सोडले, म्हणजे तेवढ्यापुरता माशांना श्वास मिळावा. पण बुडबुड्यांनी पाणी गाळले जात नाही. नवीन पंप आणायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखभाऊ पिकअपमधून दुकानाला निघाले, तेव्हा दोघी जावा त्यांच्याबरोबर निघाल्या. माझ्या तोंडाचे माप दाखवायला हवे, म्हणून मलाही एका पिशवीत घातले. मित्रांनो, स्वतःच्या जागी कोण येणार हे ठरवायला आपल्यालाच घेऊन जातात, तेव्हा कसे वाटते ते मला विचारा.

सावळेरामांनी मला काउंटरवर ठेवून फिरवून पाहिले.

“ह्यो लई चालला की, पावणं.”

“असलाच दुसरा द्या,” इंद्रायणीबाई लगेच म्हणाल्या. “दुसरा नको. ह्योच पायजे.”

ते ऐकून मला इतके बरे वाटले! सावळेरामांनी कपाटातून एक खोके काढले. त्याच्यावर माझेच चित्र होते. आत माझाच धाकटा भाऊ, कोरा करकरीत. माझी जागा जायचीच असेल तर ती त्याला मिळावी, एवढे मी मनाने कबूल केले.

पण गोरखभाऊंचा जीव मोठ्या खोक्यात अडकला होता. “ह्यो बघ. ह्याच्यावर लिटरचा आकडा केवढा हाय. धो धो पाणी पडंल.”

“आन हॉलमधी पूर आला म्हंजी?” इंद्रायणीबाई म्हणाल्या. “वरनं खाली यायचा पाईप केवढा बारीक हाय, तुमीच बसवलाय न्हवं? तेवढ्यातनं जेवढं उतरंल तेवढंच वर चढवाय पायजे. मागं त्या पायपात पान अडाकलं व्हतं, तवा गादीपतुर पाणी आलं व्हतं.”

“वैनींचं बरूबर हाय,” सावळेराम म्हणाले. “लई मोठा घेऊन उपेग न्हाई.”

प्राची खोक्याच्या मागची बाजू वाचत होती. ती हळूच म्हणाली, “दादा, ह्यो पुढचा आकडा पाणी वर चढवायचंच नसलं तर हाय. छातीएवढं चढवायचं म्हणलं की निम्म्यावर येतंय. हितं रेघ काढून दाखवलंय.”

“म्हंजी हेड,” गोरखभाऊ म्हणाले. त्यांना एकदम ओळखीचे वाटले. “आपल्या इहिरीच्या मोटारीचं तसंच असतंय. जेवढी खोल इहीर तेवढा जोर जातो.”

मग तिघे मिळून हिशेब करू लागले. टाकीची उंची, पाइपाची जाडी, दोन ठिकाणची वळणे. प्राचीची नजर मात्र पुन्हा पुन्हा काचेच्या कपाटाकडे जात होती. तिथे एक पांढरा, गुळगुळीत पंप होता, आणि त्याला जोडलेली बटणांची डबी.

“तो कसला हाय?” तिने विचारले.

सावळेरामांनी त्याला बादलीत ठेवून चालू केले. पाणी फिरू लागले. आवाज आला नाही. अगदी काहीच नाही. ते म्हणाले, “बटणावर वेग कमी-जास्त व्हतो. वीज कमी खातो. आन लाईट गेली तर बॅटरीवर फिरतो. बॅटरी जोडून ठिवायची, बास.”

मी काउंटरवर माझ्या मोडक्या पात्यांसह पडलो होतो आणि तो बादलीत डौलाने फिरत होता. माझ्यासारखा काळा नाही, माझ्यासारखा जड नाही, खडखड नाही. मित्रांनो, हेवा म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळले. तो एक कडू, तापलेला गोळा असतो, आणि तो आत फिरतच राहतो.

इंद्रायणीबाईंनाही ते ठाऊक असावे. त्या पंपाकडे पाहत नव्हत्या. माझ्या भावाचे खोके छातीशी धरून त्या म्हणाल्या, “नवं आलं की समद्यांना त्येच चांगलं दिसतंय.” मग प्राचीकडे वळून, “तूच पसंत कर बाई. मासा आता तुझ्याच हातनं खातोय.”

गोरखभाऊ उगाच माशांच्या पिशव्या पाहू लागले. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण ती सरळ उभी राहून म्हणाली, “ताई, मासा तुमचा हाय. तुमाला जो पटंल तोच पंप घ्या.”

इंद्रायणीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता त्या खोके पुढे करतील. पण त्यांनी सावळेरामांना विचारले, “लाईट गेल्यावर ह्यो पांढरा किती दम धरतो?”

“बॅटरी चांगली असली आन वेग हळू ठिवला, तर दिवसभर.”

त्यांनी आपले मनगट चोळले. त्यांना काय आठवत होते ते मला कळले. गेल्या वर्षी एक दिवस गावात वीज नव्हती, तेव्हा मी पाण्यात मेल्यासारखा पडून होतो आणि त्या स्टुलावर बसून मगाने टाकीतले पाणी काढून उंचावरून परत टाकीतच ओतत होत्या, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. दिवसभर. त्यांचे मनगट सुजले होते आणि ते अजून दुखायचे.

त्यांनी माझ्या भावाचे खोके काउंटरवर ठेवले. “ह्यो पांढरा द्या,” त्या म्हणाल्या.

परतताना मी पिशवीत होतो आणि तो खोक्यात, प्राचीच्या मांडीवर. दोघी जावा दोन बाजूंना तोंडे करून बसल्या होत्या. मला वाटले, सगळ्या जगात माझे एकच माणूस होते, आणि तेही मला सोडून गेले. त्यांनी त्याला निवडले तेव्हा त्यांनाही किती जड गेले असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

त्याला माझ्या जागेवर बसवले. मला कपाटातल्याच फळीवर ठेवले, माशांच्या खाद्याच्या डब्यांशेजारी. फेकले असते तर बरे झाले असते. तिथून मला तो दिवसभर दिसायचा. त्याच्या डबीवरचे निळे दिवे दिसायचे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पाहुणे आले की गोरखभाऊ आता कपाटाचे दार उघडायचे.

“आवाज येतोय का बघा. न्हाई ना? चालू हाय ह्यो.”

पाहुणे खाली वाकून त्याला पाहायचे, माना डोलवायचे. इतकी वर्षे मी फिरलो, माझ्यासाठी हे दार कुणी उघडले नव्हते. एखादा पाहुणा विचारायचा, “आन ह्यो काळा कसला?” गोरखभाऊ म्हणायचे, “तो जुना. खराब झालाय.” दार बंद व्हायचे.

तो बिघडावा, असे मला रोज वाटायचे. पहिल्या दिवशी त्याचा वेग जास्त होता, तेव्हा वरची टाकी काठोकाठ भरली आणि पाण्यात बारीक बुडबुड्यांचा धुरळा उठला. मी खूश झालो. पण इंद्रायणीबाईंनी एक बटण दाबून त्याचा वेग उतरवला आणि तो लगेच शहाण्यासारखा फिरू लागला. माझा वेग असा कुणाला उतरवता येत नव्हता. त्याचाही मला हेवा वाटला.

घरातला अबोला मात्र संपला नव्हता. इंद्रायणीबाई आता भल्या पहाटे उठून बिबट्याला खायला घालायच्या, प्राची उठायच्या आत. प्राचीच्या ते लक्षात आले. ती टाकीसमोर बसेनाशी झाली.

उन्हाळा कडक झाला आणि एके दिवशी सकाळी गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. वीज गेली. गोरखभाऊ दुकानात, सार्थक चाकणला. पांढऱ्या पंपाने जराही खंड पडू न देता बॅटरीवर फिरायला सुरुवात केली. मी फळीवरून पाहत राहिलो. हे मला कधीच जमले नसते, हे मनाला पटत होते, आणि पटत होते म्हणूनच अंगाची लाही होत होती.

पण गोरखभाऊंनी नवीन बॅटरी आणली नव्हती. घरातली एक जुनी मोटारसायकलची बॅटरी तेवढ्यापुरती जोडून दिली होती. दुपारपर्यंत ती उतरली. निळे दिवे मंद झाले. पांढऱ्याची पाती सावकाश होत गेली आणि थांबली.

बरी जिरली, असे मी मनात म्हणालो. मला आनंद झाला. हो, झाला.

मग माझ्या लक्षात आले की तो थांबला हे घरात कुणालाच कळलेले नाही. मी थांबायचो तेव्हा माझी गुणगुण बंद व्हायची आणि इंद्रायणीबाई कुठेही असल्या तरी धावत यायच्या. ह्याला आवाजच नव्हता. त्याच्या फिरण्यात आणि थांबण्यात कानाला काही फरक नव्हता. स्वयंपाकघरात दोघी भाकरी करत होत्या, एकमेकींशी न बोलता. वरच्या टाकीत उन्हाळ्याचे कोमट पाणी तसेच उभे होते. एक रुपेरी मासा तिरपा होऊन पृष्ठभागावर आला. बिबट्याने वर येऊन तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले. मला ओरडता येत असते तर मी ओरडलो असतो. त्या वेळी तो पांढरा माझ्या शेजारी मुकाट उभा होता, आणि आम्ही दोघेही सारखेच निरुपयोगी होतो. हेवा करायला माझ्यापाशी काही उरले नव्हते.

प्राची हॉलमधून पाणी आणायला जाताना थबकली.

“ताई, लवकर या. बिबट्या वर आलाय. पंप थांबलाय वाटतं.”

इंद्रायणीबाई पिठाच्या हातांनी आल्या. त्यांनी स्टूल ओढले, प्लास्टिकचा मग घेतला आणि पाणी काढून ओतायला सुरुवात केली. थोड्या वेळाने त्यांनी मग दुसऱ्या हातात घेतला. प्राचीने त्यांच्या हातातून मग काढून घेतला.

“द्या हिकडं. तुमचं मनगट दुखतंय. मला म्हाईत हाय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“रोज पोळ्या लाटताना दिसतंय की.”

प्राची ओतत राहिली. ओतता ओतताच ती बोलू लागली. “माहेरी माझी टाकी व्हती, ताई. बारकी. गप्पी व्हते, मोली व्हते. लग्न ठरलं तवा आई म्हणली, सासरी असलं काय न्हेऊ नको. समदे मासे शेजारच्या घरी देऊन आले. टाकी रिकामी पडलीय. म्हणून मी हितं बसत व्हते. तुमचा बिबट्या हिसकवायला न्हवते बसत.”

इंद्रायणीबाई जमिनीवर बसून तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचे हात पिठाने माखलेले होते, म्हणून त्यांनी डोळे दंडाला पुसले.

“मला काय ठावं, पोरी,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, माझी लेक पुण्याला गेली, आता ह्यो पण गेला.”

मग त्या उठल्या. म्हणाल्या, “अगं, फवारणीच्या पंपात बॅटरी असती की.” त्या मागच्या पडवीतून पाठीवर अडकवायचा फवारणी पंप घेऊन आल्या आणि त्याच्या तळातून बॅटरी काढली. प्राचीने डबीवरचा आकडा आणि बॅटरीवरचा आकडा ताडून पाहिला. दोन्हीकडे बारा व्होल्ट. लाल वायर लालला, काळी काळीला. एकीने धरली, दुसरीने पिळली.

निळे दिवे लागले. पाती फिरली. वर पाण्याची धार पडू लागली.

ती बॅटरीही उतरेल म्हणून इंद्रायणीबाई शेजारच्या गेणभाऊंकडे गेल्या. गेणभाऊंनी टोमॅटोवरची फवारणी उद्यावर ढकलली आणि आपली बॅटरी काढून दिली. उतरलेली बॅटरी प्राचीने एका जीपवाल्याबरोबर नारायणगावला पाठवली, ती गोरखभाऊंनी दुकानात चार्ज करून संध्याकाळी आणली. अशा बॅटऱ्या फिरत राहिल्या आणि नवी डीपी बसेपर्यंत पांढरा पंप थांबला नाही. एक रुपेरी मासा मात्र गेला. दोघींनी त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले. बिबट्या वाचला.

वीज आल्यावर इंद्रायणीबाई कपाटासमोर बसल्या आणि प्राचीला शेजारी बसवले. “ये. ह्येला कसा उघडायचा ते दावते,” त्या म्हणाल्या. त्यांनी पांढऱ्याला बाहेर काढले. पाती कशी ओढायची, लिंबूसत्त्व किती घालायचे, ब्रश कुठे फिरवायचा, कांडीला जोर का लावायचा नाही, हे सगळे सांगितले. मग त्यांचे लक्ष फळीवर गेले.

“ह्येची नुसती कांडी आन पाती गेल्यात,” मला हातात घेऊन त्या म्हणाल्या. “बाकी ह्यो ठणठणीत हाय. सावळेरामाकडं सुटं मिळतंय.”

सुटे भाग आले. इंद्रायणीबाईंनी मला बादलीत ठेवून चालू केले. मी पुन्हा गुणगुणलो. मला वाटले, आता पांढऱ्याला काढतील आणि मला माझ्या जागेवर बसवतील. किती वाट पाहिली होती मी ह्या दिवसाची! पण त्यांनी मला कोरडे पुसले आणि प्राचीच्या हातात दिले.

“कळंबला जाऊन तुझी टाकी घेऊन ये. तुझ्या खोलीत लाव. त्या टाकीला एवढा पुरंल.”

प्राचीने मला दोन्ही हातांत घेतले. तिचा हात थंड होता. जिच्यावर मी इतके दिवस जळलो, तिच्याच हातात मी होतो. मला लाज वाटली का? थोडी वाटली.

आता मी प्राचीच्या खोलीत आहे. छोटी टाकी, टाकीच्या मागे गोरखभाऊंनी केलेला गाळणीचा छोटा कप्पा. छातीएवढे पाणी चढवणारा मी, आता वीतभर चढवतो. माझ्या वयाला तेवढे झेपते. टाकीत गप्पी आहेत, मोली आहेत, आणि त्यांची इतकी पिले आहेत की ती डोळ्यांत मावत नाहीत. इंद्रायणीबाई संध्याकाळी इथे येऊन बसतात, आणि प्राची सकाळी तिकडे बिबट्याला खायला घालते. एखाद्या रविवारी दोघी अंगणात पाटावर बसून आम्हा दोघांनाही घासतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी असेल. पाणी चढवणारा, हवा फिरवणारा, थंडावा देणारा. नवे आणायचे तेव्हा खुशाल आणा, पण खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका; आपल्या घरात त्याला किती उंच चढायचे आहे ते आधी पाहा. आणि आणल्यावर त्याला धुवायचे कुणी, हे ठरवा. तो बघेल, ती बघेल, असे म्हणत कुणीच बघत नाही, तेव्हा आमच्या आतली कांडी मोडते. ज्याला काम येते त्याने दुसऱ्याला शिकवावे, रुसून बसू नये.

हॉलमध्ये पाहुणे आले की आजही गोरखभाऊ कपाटाचे दार उघडतात आणि आवाज येतोय का म्हणून विचारतात. मला ते इथपर्यंत ऐकू येते आणि आजही मला ते सहन होत नाही. त्याने पुष्कळ वर्षे फिरावे, बिबट्याला सुखात ठेवावे, असे मी मनापासून म्हणतो. फक्त माझ्याआधी एक दिवस त्याने थांबावे, एवढेच मला वाटते.